आनशीकाकीचं गलबत

“कोण रे तो गलबताखाली? भायर ये आदी!”

तोंडातला घास तसाच धरून मी बाहेर आलो. समोर एक उंच, सावळी बाई पदर कमरेला खोचून उभी होती. हातात माडाची वाळकी झावळी होती, आणि ती नुसती धरलेली नव्हती, उगारलेली होती.

“लाकडां चोरूक इलंस?”

“नाही हो. सावली दिसली म्हणून टेकलो.”

“खंयचो तू?”

“चंदगडकडचा. घाटावरचा. इथल्या कॉलेजात नाव घातलंय.”

“मगे कॉलेजात बसान खा. हय कशाक?”

मी काय सांगणार? सकाळपासून बंदरावरच्या प्रत्येक घरी खोली विचारून झाली होती. घरच्या उत्पन्नाचा दाखला दिला की फी माफ होत असे, पण दाखल्यानं डोक्यावर छप्पर येत नाही. थोरल्या भावानं निघताना स्पष्ट सांगितलं होतं, “शिकायचं तर शीक, निंगोजी. पण इथून पैसा मागू नको आणि शेतात वाटाही मागू नको.” हे सगळं त्या अनोळखी बाईला मी का सांगितलं कोण जाणे. बहुतेक भुकेपोटी. तिनं झावळी खाली टाकली आणि माझ्या हातातली नाचणीची भाकरी बोटानं टकटक वाजवून पाहिली.

“ही कावळोसुदा खावचो नाय. विडी ओढतंस?”

“नाही.”

“शपथ?”

“आईची शपथ.”

“मगे वर चढ. बघ, जागा पसंत पडता काय.”

असा मी आनशीकाकीच्या गलबतात राहायला गेलो.

ते गलबत पाण्यात नव्हतं. खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या रेषेच्या वर, वाळूत टेकू लावून उभं होतं. काकीच्या नवऱ्यानं, बाबी सारंगानं, ते बांधायला घेतलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गलबतांवर राबून त्यानं स्वतःच्या गलबतासाठी साग आणून टाकला, सांगाडा उभा केला, बाजूच्या फळ्या मारल्या. आणि मग एका फेरीत, मंगळुरी कौलं घेऊन येताना, भटकळच्या पुढे कुठेतरी तो आणि ते दुसऱ्याचं गलबत, दोन्ही परतली नाहीत. तेव्हापासून हे अर्धं गलबत तसंच होतं. वर डेक नाही, डोलकाठी नाही, शीड नाही. अर्ध्या भागावर माडाच्या झावळ्यांचं छप्पर घातलेलं. बंदरावरचे लोक त्याला ‘काकीचं गलबत’ म्हणत आणि म्हणताना थोडे हसत.

मला मात्र ते घर मिळालं, आणि तसं घर मला पुन्हा कधी मिळालं नाही. पहाटे जाग आली की फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या बारीक सरळ रेघा आत येत आणि माझ्या अंगावरून, पुस्तकांवरून, पाण्याच्या कळशीवरून हळूहळू सरकत जात. लाकडाला माशाच्या तेलाचा आणि उन्हाचा वास होता. भरतीच्या वेळी लाटांचा आवाज बाहेरून यायचा थांबे आणि लाकडातूनच येऊ लागे, कान लावला की पोटात घुमल्यासारखा. मी घाटावरचा, समुद्र तोपर्यंत पाहिलाही नव्हता. झोपेत मला नेहमी वाटे की हे चाललंय. रोज झोपेत आम्ही कुठल्या कुठे जातो आणि उजाडायच्या आत गुपचूप परत येऊन वाळूत उभे राहतो. जागा झाल्यावर खाली उतरून मी टेकू जागच्या जागी आहेत ना ते बघायचो. मग स्वतःशीच हसून तोंड धुवायला जायचो.

काकीनं भाडं घेतलं नाही. तिला पाणी भरून द्यायचं, माडाखाली पडलेले नारळ गोळा करायचे आणि लाकडावर लक्ष ठेवायचं, एवढंच. सकाळी ती पेज पाठवी, बरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा. सुट्टीच्या दिवशी मी काजूच्या कारखान्यात पोती रचायचो, संध्याकाळी कस्टमच्या साहेबांच्या मुलांची शिकवणी घ्यायचो. जे मिळे ते सगळं पोस्टात जाई. चहा मी सोडला होता. पायताण तुटलं तर वाळूतून अनवाणी जायला बरंच वाटे. साठवायचं होतं ते एका गोष्टीसाठी. बी. ए. झालो की कोल्हापूरला जाऊन बी. एड. करायचं, मास्तर व्हायचं. डोळे मिटले की मला वर्ग दिसे. खिडक्या मोठ्या, बाहेर हिरवं काहीतरी, आणि फळ्यावर माझ्याच हातचं अक्षर. मुलांचे चेहरे मात्र कधी दिसत नसत.

काकीचा मुलगा येसो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. तो रोज संध्याकाळी गलबतावर चढून यायचा. दिवसा तो रापणीवर जाई. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्यात माणूस कंबरभर पाण्याच्या पुढे जात नाही. येसोला त्याची लाज वाटे.

“ही काय दर्यार जावची रीत? म्हशी धुतल्यासारखा!” तो म्हणायचा. “मी जातलंय तो माझ्या बापाशीच्या गलबतातसून. दुसऱ्याच्या गलबतार पाय ठेवचंय नाय. सातेरी देवीक सांगलंय मी तसा.”

तो पुढच्या टोकाला, नाळेवर बसे. पाय खाली सोडून, डोळे अर्धे मिटून. मी खाली पुस्तक उघडून बसलेला असे आणि वरून त्याचा आवाज येई. “निंगो, आता आमी वेंगुर्ला सोडला हां.” मग बऱ्याच वेळानं, “आता गोंयच्या आग्वादचो दिवो दिसता.” तो कधी मालवणच्या पुढे गेला नव्हता. बंदरावरच्या म्हाताऱ्या खलाशांकडून ऐकलेली नावं तो एकामागून एक ओवत जाई. ऐकता ऐकता मलाही खालची वाळू हलल्यासारखी वाटे, आणि त्या दिवशीचा इतिहास किंवा अर्थशास्त्र कुठल्यातरी बंदरात राहून जाई.

गलबताचं काम पुढे का जात नाही हे मला पहिल्या वर्षी फारसं कळलं नाही. दिवाळीनंतर भिकू मेस्त्री हत्यारं घेऊन आले. बाबी सारंगाबरोबर सांगाडा त्यांनीच उभा केला होता. काकी त्यांना म्हणाली, “मेस्त्री, पोरग्याची परीक्षा असा. तुमी वर हातोडे मारशात तर तेच्या डोक्यात काय रवतला?”

मेस्त्री माझ्याकडे बघून हसले, चहा प्यायले आणि गेले. दुसऱ्या वर्षी येसोनं स्वतः राबून डेकच्या फळ्या आणल्या. त्यातल्या चार काकीनं गोठ्याला मारल्या. येसो चिडला तर म्हणाली, “गाय भिजता ती दिसणा नाय तुका? आनि घाई कसली? निंगोची परीक्षा होवंदे.”

हे ऐकून मला मान खाली घालावीशी वाटे. माझ्यासाठी एका बाईनं नवऱ्याचं राहिलेलं काम अडवून धरलंय, पोराची समजूत घालतेय, आणि मी फुकटात राहून पोस्टात पैसे साठवतोय. मी अभ्यास दुप्पट केला. दुसरं काय करणार होतो?

शेवटच्या वर्षी, संक्रांतीच्या सुमाराला, येसो वर नाळेवर न जाता माझ्यासमोर येऊन बसला. तो आता एकोणीस-वीसचा झाला होता, खांदे रुंद झाले होते.

“निंगो, एक इचारू? रागाव नको.”

“विचार.”

“डेकचा मी आनि मेस्त्री बघतो. डोलकाठी मेस्त्रींनी बघून ठेवलीहा. रवला शीड आनि दोर. तुझे पैसे हत पोस्टात. तू दी. दोन फेऱ्यांत परत करतंय. तुझ्या कोल्हापुराआदी नाय, पण पुढच्या वर्साक नक्की.”

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. उलट छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. तीन वर्षांच्या पेजेचं, त्या उजेडाच्या रेघांचं काहीतरी देता येणार होतं. बी. एड. एक वर्ष उशिरा झालं तर काय बिघडणार?

“आईला सांगितलंस?” मी विचारलं.

“तू सांग. तुझा ती आयकता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आलो तो थेट काकीच्या अंगणात. ती चटईवर सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालत होती. माडांच्या सावल्या अंगणभर हलत होत्या. मी मोठ्या आनंदानं सांगून टाकलं. शिडाचे पैसे मी देतो, तुम्ही आजवर माझ्यासाठी काम थांबवलंत, आता परीक्षा झाली की गलबत पाण्यात.

काकीचा हात सुंगटांवरच थांबला. दोन कावळे चटईजवळ उतरले. तिनं त्यांना हाकललं नाही.

“तुका खरांच वाटला?” ती म्हणाली. “मी तुझ्यासाठी काम थांबवलंय म्हणान?”

मी चटईच्या कडेला बसलो.

“माझो झील येसो म्हणता, जातलंय तर बापाशीच्याच गलबतातसून. बरा, म्हटलंय मी. मगे बापाशीचा गलबत होवकच नको.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती, हलक्या आवाजात, जणू सुंगटांना सांगत होती. “मोडूक येयना, तेच्या बापाशीन सुरू केल्ला. इकूक येयना, लोक काय म्हणतीत? पुरा करूक धीर नाय. आणि तो वाढत चल्लो. रोज इचारता, कधी, आवशी, कधी? मगे तू इलंस, ती सुकी भाकरी घेवन. माका वाटला देवीनच धाडल्यान. पोरगो अभ्यास करता म्हटल्यार कोण बोलतलो? तीन वर्सां गेली माझी, निंगो. सुखाची गेली.”

एका कावळ्यानं सुंगट उचललं आणि उडून गेला.

“एक वर्स आणखी रवशीत?” तिनं विचारलं.

“पण काकी, परीक्षा एप्रिलात आहे. त्यानंतर…”

“परीक्षा दी नको असा मी म्हणूक नाय.”

“मग?”

“मी कायच म्हणूक नाय. रवशीत काय, इतक्याच इचारलंय.”

मी उठून आलो.

त्यानंतरचे दिवस मला अजून धुक्यातून दिसल्यासारखे दिसतात. पुस्तक उघडलं की ओळी पाण्यावर ठेवल्यासारख्या हलत. एखादा पेपर कोरा ठेवला तर कुणाचं काय जाणार होतं? छप्पर होतं, पेज होती, पोस्टातले पैसे आणखी वाढले असते. घाटावर माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. आणि इथे एक बाई होती, जिनं तीन वर्षांत माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. ती पहिल्यांदा मागत होती, आणि काय मागत होती तर एक वर्ष. एका दुपारी डोळा लागला तर स्वप्न पडलं की गलबत वाळूतून अलगद वर उचललं गेलंय, माडांच्याही वर तरंगतंय, आणि खाली अंगणात काकी दोराचं टोक हाताला गुंडाळून उभी आहे. दोर ताणला जातोय. तिचे पाय वाळूत रुतताहेत. ती हाक मारत नाहीये.

नाळेवरून येसोचा आवाज आला तेव्हा मी जागा झालो. “निंगो, काय म्हणाली आवस?”

मी वर चढून त्याच्याशेजारी बसलो. खोटं बोलता आलं असतं. पण मला वाटलं, हे ओझं ज्याचं आहे त्याच्याजवळ गेलं पाहिजे. मी सगळं सांगितलं, तिच्याच शब्दांत.

येसोनं समुद्राकडे पाहिलं. ओहोटी होती. पाणी दूर गेलं होतं आणि ओली वाळू आभाळासारखी चमकत होती.

“तू माका सांगूक नको होतंस,” तो म्हणाला.

“मग काय करायला हवं होतं?”

“माका म्हायत नाय. पण आता मी जावकपण शकणंय नाय, आनि रवूकपण शकणंय नाय.”

तो खाली उतरला. त्या दिवसापासून तो गलबतावर चढला नाही. आईशी एका शब्दानं बोलला नाही, भांडला नाही. रापण सोडली आणि बाजारात एका कौलाच्या वखारीत कामाला लागला. सकाळी जाई, संध्याकाळी येई, मिळालेला पगार आईच्या हातावर ठेवी. बंदरावरचे लोक म्हणू लागले, काकीचा झील शहाणा झाला.

मी परीक्षा दिली. सगळे पेपर दिले. ते मी ठरवून केलं असंही नाही. पहिल्या पेपराला बसलो आणि हात लिहीत गेला. माझ्या एका वर्षानं आता कुणाचं काही थांबणार नव्हतं. जे थांबायचं ते थांबलंच होतं. काकी तरीही सकाळची पेज पाठवत राहिली. बांगड्याचा तुकडा उलट मोठा झाला होता.

शेवटचा पेपर झाला आणि मी पुस्तकं बांधायला घेतली, तेव्हा बाहेर शिडी वाजली. काकी. तीन वर्षांत ती कधीही गलबतात चढली नव्हती. खाली उभी राहूनच हाक मारायची. आत आली, फळीवर हात टेकून उभी राहिली. फटींतल्या उजेडाच्या रेघा तिच्या लुगड्यावर पडल्या. तिनं आजूबाजूला पाहिलं, जणू दुसऱ्याच्या घरात आलीय.

“हय तू रवलंस होय?” ती म्हणाली. “बरा असा.”

मी बसायला गोणपाट अंथरलं. ती बसली नाही.

“येसो जेवता कसो, बघलंस?”

“नाही.”

“दर्याक पाठ करून बसता. अंगणात आमचा ताट नेमी दर्याकडे तोंड करून असता. तो पाट फिरवन घेता. बोलणा नाय काय, रडणा नाय काय. पाट फिरवन घेता नि जेवता. तेचो बापूस गेलो तेवा मीपण तशीच जेवत होतंय. वर्सभर. माका आठावता ता जेवण कसा लागता.”

बाहेर कुणीतरी होडी ओढत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“तुझे पैसे हत अजून?”

“आहेत.”

“शिडाक देशीत?”

कोल्हापूर, मोठ्या खिडक्यांचा वर्ग, ते सगळं एकदा डोळ्यांपुढून सरकून गेलं. मी पोस्टाचं पुस्तक पेटीतून काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते उघडूनही पाहिलं नाही, पदरात बांधलं आणि शिडीनं खाली उतरली. उतरताना एका हातानं गलबताची कड घट्ट धरली होती.

येसोला तिनं कसं सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातोड्याच्या आवाजानं जागा झालो, एवढंच. वर भिकू मेस्त्री होते आणि येसो होता. मी वर पाहिलं तसा येसोनं तोंडातले खिळे काढले. “घर खाली कर रे भाडेकरू,” तो म्हणाला आणि हसला.

मी काकीच्या पडवीत राहायला गेलो. जूनमध्ये निकाल लागला, पास झालो. काकीनं गूळ-खोबरं वाटलं. त्या वर्षी कोल्हापूर नव्हतंच, म्हणून बंदरावरच्या शाळेत एका बाईंच्या बदली शिकवायला लागलो. पावसाळाभर झावळ्यांच्या छपराखाली डेक झालं, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासला गेला. माझ्या उजेडाच्या रेघा एकेक करून विझल्या. जाड कापडाचं शीड काकीच्या पडवीत दोन म्हाताऱ्यांनी बसून शिवलं. संध्याकाळी शाळेतून आलो की मी त्याच्या ढिगावर टेकून बसायचो. पोस्टातलं माझं सगळं काही त्यात होतं, पण तसं कधी वाटलं नाही. ते फार मोठं आणि फार पांढरं होतं.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, आणि एका मोठ्या भरतीला सगळ्या बंदरानं दोर ओढून गलबत पाण्यात घातलं. आधी ते हललंच नाही. मग एकदम, झोपेतून उठल्यासारखं, ओंडक्यांवरून घसरत गेलं आणि पाण्यावर बसलं. थोडं डावीकडे कललं, मग सरळ झालं. मी कमरेपर्यंत पाण्यात उभा होतो. तीन वर्षं ज्याच्या पोटात झोपलो ते असं दिसतं, हे मला तेव्हाच कळलं.

पहिली फेरी मंगळूरची ठरली. जाताना सुकी मासळी, येताना कौलं. रामा तांडेल म्हणून एक अनुभवी माणूस गलबत चालवायला घेतला होता. येसो त्याच्या हाताखाली. निघायच्या सकाळी काकी होडीतून गलबताकडे गेली, मीही त्याच होडीत होतो. पूजा करायची असेल म्हणून सगळे बघत होते. तिनं नाळेला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, वर चढली आणि डोलकाठीपाशी बसली. काखेत कापडाचं बोचकं होतं.

“काकी, आता उतरा,” रामा तांडेल म्हणाला. “भरती सुटतली.”

“सुटंदे. मी येतंय.”

“खंय येतंस?”

“मंगळुराक.”

होडीत माझ्याबरोबर बसलेली माणसं हसली. तांडेल हसला नाही. “बाईमाणूस गलबतार? खलाशी काय म्हणतीत? देवीक चालतला?”

“देवी बाईमाणूसच असा. आनि गलबत कोणाचा, रामा?”

तांडेलानं येसोकडे पाहिलं. येसो सुकाणूपाशी उभा होता, तोंड अर्धं उघडं. “आवशी,” तो म्हणाला, “तू घरी रव गे. मी येतलंय परत. शपथ.”

“तुझ्या बापाशीनपण शपथ घेतली होती,” काकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मी तुका अडवणंय नाय, येसो. पण वाट बघूचा काम मी एकदा केलंय. तसा माका परत करूक जमणा नाय.”

येसोनं मान वळवली आणि शिडाचा दोर सोडायला लागला. पांढरं कापड वर चढत गेलं, फडफडलं, आणि मग त्यात वारा भरला. काकीनं डोलकाठीला मिठी मारली होती. डोळे गच्च मिटले होते. गलबत खाडीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिनं ते उघडले नाहीत, एवढं मला होडीतून दिसलं.

त्यानंतर बंदरावर वाट बघणारा मी एकटाच उरलो. शाळा सुटली की पाय आपोआप वाळूकडे वळत. गलबताच्या जागी टेकूंचे खड्डे तेवढे होते. वारा जरा वाढला की फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबे. मी किती दिवस मोजले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं, की जेवताना मीही पाट फिरवून घेतला आणि मग लाज वाटून पुन्हा सरळ केला.

गलबत आलं ते भर दुपारी, कौलांनी खोल बसलेलं. काकी होडीतून उतरली तेव्हा ओळखू येईना. गालफडं आत गेली होती, ओठ फुटले होते. दोन पावलं चालली आणि वाळूतच बसली, कारण जमीन हलत होती म्हणे. मी पाणी आणून दिलं.

“जाता येताना उलट्या काढल्यो,” ती म्हणाली. “देवा, काय ते हाल. रामा तांडेलान लिंबू चोखूक दिल्यान म्हणान जगलंय.”

मग हळूच म्हणाली, “तेचो बापूस गेलो ता भटकळ इला तेवा येसोन हाक मारल्यान. मी उठान बघलंय. निंगो, थंय कायच नाय रे. पाणी असा. साधा पाणी. इतकी वर्सां माका वाटत होता, थंय कायतरी असतला.”

दिवाळीनंतर दुसरी फेरी निघाली. यावेळी कुणी तिला उतर म्हणायची वेळ आली नाही. ती किनाऱ्यावरच उभी राहिली, येसोला लिंबांची पिशवी दिली, आणि शीड दिसेनासं झाल्यावर घरी येऊन कामाला लागली.

मला पुढच्या वर्षी कोल्हापूर मिळालं. पैसे येसोनं बोलल्याप्रमाणे परत केले, आणि मी मास्तर झालो. मोठ्या खिडक्यांचा नव्हे, पत्र्याच्या शाळेचा. पण त्या दुसऱ्या फेरीच्या वेळची एक दुपार मला सगळ्यात जास्त आठवते. काकी अंगणात समुद्राकडे तोंड करून बसली होती, विळीवर मासे कापत होती. मी पायरीवर वह्या तपासत होतो. मला विचारायचा धीर होत नव्हता की तिला भीती वाटते का. मग तिनं हात न थांबवताच, मान थोडी दक्षिणेकडे करून, अगदी सहज, बाजारात गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हटलं,

“आता तेंका अंजदीव बेट दिसत असतला. डाव्या बाजूक. थंय पाणी एकदम हिरवा असता.”